विश्लेषण : घरात तान्हे बाळ, मनात ‘मजेची’ गाडी! भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांवर दोन वर्षांसाठी काय घ्यावे?

बारसे झाले की भोर, वेल्ह्याकडच्या घरांत पाळण्याच्या पाठोपाठ गाडीचा विषय निघतो. थोरल्यांचे मत ठरलेले असते : आता सात सीटची, उंच, दणकट गाडी घ्या, दहा वर्षे बघायला नको. रोज शिरवळ, खेड शिवापूर किंवा थेट पुण्यापर्यंत नोकरीसाठी जा-ये करणाऱ्या तरुण आई-बापाच्या मोबाइलमध्ये मात्र भलत्याच गाड्या ‘सेव्ह’ केलेल्या असतात. तीन दरवाज्यांची थार, जुनी पोलो जीटी, एखादी आय२० एन लाइन. मोठी गाडी घ्यायचीच आहे, पण मूल शाळेत जायला लागेल तेव्हा. तोवर दोन-अडीच वर्षे हातात मजेची गाडी असावी, असा हा हिशेब.

हा हट्ट वाटतो तितका वेडगळ नाही. पण बहुतेक जण तो ड्रायव्हरच्या सीटवर बसून करतात आणि तिथेच घोटाळा होतो. तान्ह्या बाळाच्या घरातली गाडी मागच्या सीटवरून निवडावी लागते आणि दोन वर्षांपुरती गाडी तिच्या विक्रीच्या दिवसापासून उलटे मोजत घ्यावी लागते. या दोन गोष्टी जमल्या, तर मजा करायला हरकत कसली?

दोन वर्षेच का?

बाळाच्या पहिल्या दोन वर्षांत गाडीकडून असलेल्या गरजा मोजक्या असतात, पण त्या टाळता येत नाहीत. सरकारी लसीकरण वेळापत्रकानुसार सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात, मग नवव्या महिन्यात आणि पुढे सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान लसी असतात. पहिली बाळंतीण माहेरी गेलेली असते, तिला आणि बाळाला सासरी आणायचे असते. रात्री ताप चढला तर भोरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय आणि तिथून पुढे पाठवले तर पुणे. या सगळ्याला सात सीट लागत नाहीत. एक चाइल्ड सीट, शेजारी एक मोठे माणूस, पुढे दोघे आणि डिकीत एक-दोन पिशव्या इतके पुरते. सायकल, दप्तर, मावसभावंडे ही गर्दी पुढची.

घाटात राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे, जी फारशी कुणी सांगत नाही. गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा होत नाही. तो साधारण दोन वर्षांनंतर सुरू होतो आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सर्वाधिक जाणवतो. म्हणजे वळणावळणाच्या रस्त्यावर मूल ओकारी न काढता झोपून राहते तो काळ हाच. तिसऱ्या वर्षी तोच घाट दर तीन किलोमीटरला थांबत चढावा लागू शकतो आणि मग मजेच्या गाडीचे कौतुक आपोआप ओसरते.

या रस्त्यांवर मजा म्हणजे किती वेग?

वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, बोलण्यात मात्र अजून वेल्हेच आहे. रस्तेही तसेच जुन्या वळणाचे. महामार्गावर नसरापूर फाट्याला आत वळले की मार्गासनीवरून वेल्हे, कापूरहोळला वळले की भोर. भोरच्या पुढे नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेने वरंधा घाट, दुसऱ्या बाजूला मांढरदेवीकडे चढणारा आंबाडखिंड घाट. सिंहगड रस्त्याच्या बाजूने वेल्ह्यात यायचे तर पाबे घाट. यातल्या कुठल्याही रस्त्यावर दीडशे पीएसचे इंजिन पूर्ण वापरता येत नाही. वापरायचा प्रयत्न केला तर पुढच्या वळणावर एसटी उभी असते.

आकड्यांत पाहू. वळणाची त्रिज्या ३० मीटर धरली, तर ताशी ३० किलोमीटर वेगाने गाडीतल्या माणसाला बाजूला साधारण ०.२४ जी इतका ओढा जाणवतो. वेग ४० केला की तो ०.४२ जी होतो आणि ५० ला ०.६५ जी. वेग फक्त दहाने वाढला, पण ओढा पावणेदोन पट. पुढच्या सीटवर स्टिअरिंग धरलेल्याला तो आधीच ठाऊक असतो, कारण गाडी तोच वळवतो. मागे बसलेल्या बाळंतिणीला तो अचानक येतो आणि ज्याची मान अजून नीट धरली नाही त्या बाळाला तर झेपतच नाही. बाळासह घाटात ३० हाच वेग समजावा.

म्हणून इथे मजेची व्याख्या बदलते. तीसच्या वेगाला ज्या गाडीचे स्टिअरिंग बोलते, गिअर चटकन पडतो, बॉडी डुलत नाही आणि दुसऱ्या गिअरमध्ये चढ दम न लागता निघतो, ती मजेची. हलकी, लहान, खालून घट्ट गाडी हे सुख देते. दोन टनांच्या आसपासची एसयूव्ही त्याच वळणावर भीती देते. ‘पॉवर’चा आकडा पाहून निवडलेली गाडी भोरमध्ये फार तर भोर ते कापूरहोळच्या सरळ पट्ट्यावर खूश करील.

पावसाळा हा वेगळा विषय. जुलैत चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पसरतो, दरडीचे दगड वळणाच्या आतल्या बाजूला पडलेले असतात, खड्ड्यात पाणी भरले की खोली कळत नाही. वरंधा घाट तर पावसाळ्यात अनेकदा प्रशासनच बंद ठेवते, कधी जड वाहनांना, कधी सगळ्यांनाच. अशा रस्त्यावर रुंद, पातळ टायर आणि खाली बसवलेले सस्पेन्शन म्हणजे रिमला पोक आणि बाळाला हादरे. मजेची गाडी म्हणून विकायला ठेवलेल्या जुन्या हॅचबॅकमध्ये आधीच्या मालकाने मोठे अलॉय टाकलेले असतील, तर मूळ मापाची चाके परत मागावीत.

मागच्या सीटवर काय पाहायचे?

इथे थोडे थांबावे लागेल, कारण घराघरांत वाद होतो तो याच मुद्द्यावर. आजीची मांडी की चाइल्ड सीट?

आजीच्या मायेबद्दल शंका नाही, प्रश्न वजनाचा आहे. नऊ किलोचे बाळ, गाडीचा वेग ताशी ५० आणि समोर काहीतरी आदळून गाडी एक दशांश सेकंदात थांबली, असे धरू. त्या क्षणी बाळाला धरून ठेवायला सुमारे १,२५० न्यूटन बळ लागते. सोप्या भाषेत, सव्वाशे किलोचे पोते अचानक हातातून खेचले जावे तसे. ते कुणाच्याच हातात राहत नाही, पैलवानाच्याही. शिवाय मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या व्यक्तीने स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर तिचे वजन बाळावर येते. पट्टा दोघांना मिळून गुंडाळला तर तो आणखी वाईट.

कायदाही याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १९४ ब या कलमानुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीतून नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. भोरच्या चौकात त्यासाठी गाडी अडवल्याचे क्वचितच दिसते, पण मुद्दा दंडाचा नाहीच. उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर काही महिने सगळ्यांनी मागचे पट्टे शोधले. पुढे ते पुन्हा सीटच्या फटीत गेले.

गाडी पाहायला गेल्यावर बॉनेट उघडण्याआधी मागचा दरवाजा उघडावा. सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते त्या फटीत हात घालावा. २८ सेंटिमीटर अंतरावर दोन पक्क्या धातूच्या कड्या लागल्या, तर ते आयसोफिक्स. चाइल्ड सीट तिथे ‘खट्’ आवाज करून बसते, पट्ट्याने आवळण्यात होणाऱ्या चुका टळतात. जुन्या गाड्यांत हे व्हेरिएंटनुसार बदलते, त्यामुळे जाहिरातीवर विसंबू नये, हातालाच विचारावे.

तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करूनच बसवायची असते. युरोपात लागू असलेल्या आर१२९ या मानकात किमान १५ महिन्यांपर्यंत तसे बंधन आहे आणि त्यापुढेही जितके जमेल तितके चांगले. मागे तोंड असलेली सीट मात्र जागा खाते. ती बसवल्यावर पुढची सीट इतकी पुढे घ्यावी लागते की, पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. म्हणून गाडी पाहायला जाताना चाइल्ड सीट बरोबर न्यावी. विकणारा हसेल, हसू द्यावे. सीट डाव्या बाजूला, म्हणजे रस्त्याच्या कडेकडच्या दाराशी बसवली तर बाळाला वाहतुकीच्या बाजूने उतरवावे लागत नाही. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेली सीट कधीच ठेवायची नाही. एअरबॅग फुटली तर ती थेट त्या सीटच्या पाठीवर आदळते.

आता तीन दरवाज्यांचा प्रश्न. बाळंतपण सिझेरियनने झाले असेल, तर पुढची सीट पाडून, उंच पायरी चढून, कमरेत वाकून बाळ मागे ठेवणे हे पहिले काही आठवडे त्या बाईने करूच नये. नंतरही ते दिवसातून चार वेळा करून पाहावे म्हणजे कळेल. आणि हे करणारे माणूस बहुतेक वेळा गाडीची निवड करणारे नसते. घाटात पुढे बसून मजा घेणारा एक आणि मागे बाळाची मान सांभाळत बसणारी दुसरी, अशी दोन वर्षे काढायची असतील तर तिला गाडी निवडताना नकाराधिकार असायला हवा. त्याहून बरे म्हणजे गाडी दोघांनी चालवावी. जड क्लचची, फक्त एकालाच झेपणारी गाडी घेतली, तर रात्री दोन वाजता तो नेमका नाइट शिफ्टला असतो.

मग गाडी कोणती?

थारपासून सुरुवात करू, कारण या भागात पहिले नाव तिचेच निघते. २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या थारला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठीही चार स्टार मिळाले होते, म्हणजे मागची सीट कागदावर वाईट नाही. २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, चढाला लो रेंज, विकताना मिळणारी किंमतही चांगली. पण दारे दोन, मागे सीट असताना डिकी नावापुरती, आणि वळणावर गाडी डुलते. केळदच्या बाजूला, मढे घाटाच्या वरच्या वाड्यांत घर असेल आणि पावसात चिखलाशिवाय पर्याय नसेल, तर फोर बाय फोर ही चैन नाही, गरज आहे. भोर शहरात राहून शनिवारी राजगडच्या पायथ्याशी फोटो काढण्यासाठी मात्र तान्ह्या बाळाच्या घरात तीन दरवाज्यांची थार घेऊ नये. पाच दरवाज्यांची थार रॉक्स २०२४ मध्ये आली, पण ती अजून दोन वर्षांच्या ‘स्वस्त मजे’च्या बजेटमध्ये बसत नाही.

वेल्ह्याच्या आतल्या गावांसाठी जास्त शहाणी निवड जिम्नी आहे. २०२३ मध्ये आलेली, पाच दरवाजे, चार सीट, फोर बाय फोर सगळ्याच व्हेरिएंटमध्ये. डिकी फक्त २०८ लिटर, त्यामुळे गावाकडून तांदळाचे पोते आणायचे की बाळाचे सामान, हे ठरवावे लागेल. इंजिन १०५ पीएसचे, सरळ रस्त्यावर निवांत. पण अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला, तर ती कडेला घेताना जीव वर-खाली होत नाही आणि दुसऱ्या गिअरमध्ये ती मजा देते.

डांबरी रस्त्याला लागून घर असलेल्यांनी हॅचबॅककडे पाहावे. इथे पुणे जिल्ह्याला स्वतःचा इतिहास आहे. चाकणला बनणारी पोलो २०२२ मध्ये बंद झाली, तरी तिचे चाहते संपलेले नाहीत. तिच्याबाबत एक आठवण महत्त्वाची. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने तपासलेल्या, एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य स्टार मिळाले होते आणि दोन एअरबॅग असलेल्या त्याच पोलोला चार. त्यामुळे खूप जुनी, साध्या व्हेरिएंटची पोलो ‘बिल्ड दणकट आहे’ एवढ्यावर घेऊ नये. दोन वर्षांच्या हिशेबाला २०२० नंतरची, ११० पीएसच्या १.० टीएसआय इंजिनाची मॅन्युअल पोलो बरी. हेच इंजिन थोड्या फरकाने आजही व्हर्टस, टायगुनमध्ये असल्याने भागांची अडचण कमी. त्याआधीच्या जीटी टीएसआयमध्ये सात स्पीडचा ड्राय क्लच गिअरबॉक्स आहे. गर्दीत रांगत चढ चढताना ड्राय क्लच तापतो, आणि त्याची दुरुस्ती निघाली तर दोन वर्षांचा सगळा हिशेब एका बिलात जातो. दुरुस्तीची पूर्ण फाइल असेल तरच तिकडे वळावे.

रांजणगावला बनलेली १४५ पीएसची अबार्थ पुंटो ही मनात भरणारी गाडी, यात वाद नाही. पण फियाटने भारतातली विक्री थांबवली, गाडी खालून नीची, भागांसाठी वणवण. ज्यांच्याकडे दुसरी गाडी आहे, त्यांनी घ्यावी. बाळाच्या घरातली एकमेव गाडी म्हणून नको.

स्विफ्ट? घाटात तिच्याइतकी हलकी आणि चपळ गाडी त्या किमतीत मिळत नाही, फिटर प्रत्येक गावात आहे आणि विकायला तीन दिवस पुरतात. पण २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने तपासलेल्या, दोन एअरबॅग असलेल्या स्विफ्टला एकच स्टार मिळाला, हे मागच्या सीटवरून पाहताना विसरता येत नाही. २०२४ च्या नव्या स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटमध्ये आहेत, मात्र ती दोन वर्षांसाठी घ्यायला अजून महाग.

या सगळ्यांत मध्यम मार्ग अल्ट्रोझ टर्बोचा वाटतो. २०२१ पासून ११० पीएसच्या टर्बो पेट्रोलमध्ये मिळालेली, ग्लोबल एनकॅपमध्ये २०२० साली मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी तीन स्टार, डिकी ३४५ लिटर, मागची दारे जवळपास काटकोनात उघडतात. चाइल्ड सीट आत घालताना या दारांचे महत्त्व कळते. स्टिअरिंग पोलोइतके बोलके नाही, गिअर पडण्यातही तो खटका नाही. तरी भोरच्या घरात दोघांनी वापरायची एकच गाडी असेल, तर हिच्यापाशी थांबावे. हात सढळ असेल तर १५० पीएसची, दीड लिटर व्हर्टस : ५२१ लिटरची डिकी आणि मोठे व मुले दोन्हींसाठी पाच स्टार. मग पुढे मोठी गाडी घेण्याची घाईही उरत नाही.

हिशेब कसा मांडायचा?

हप्ता किती, हा चुकीचा प्रश्न. दोन वर्षांनी गाडी विकल्यावर खिशातून एकूण किती गेले, हा बरोबर प्रश्न.

समजा ११ लाख एक्स-शोरूमची नवी पेट्रोल गाडी घेतली. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के कर, म्हणजे १ लाख ३२ हजार. हे पैसे विकताना वेगळे मिळत नाहीत. विम्याच्या घसाऱ्याच्या तक्त्यात दोन वर्षे उलटली की किंमत ३० टक्क्यांनी खाली धरतात, म्हणजे ३ लाख ३० हजार. बाजारभाव गाडीनुसार कमी-जास्त होईल, पण अंदाजापुरते मिळून ४ लाख ६२ हजार. महिन्याला सव्वाएकोणीस हजार, विमा आणि पेट्रोल वेगळे.

आता सहा लाखांत चार-पाच वर्षांची गाडी घेतली, दोन वर्षांनी साडेचार लाखांत विकली आणि मधे टायर, ब्रेक, सर्व्हिसिंगवर लाखभर गेले असे धरू. अडीच लाख, म्हणजे महिन्याला साडेदहा हजारांच्या आत. मजा तीच, निम्म्या पैशांत. उरलेल्या पैशांतून सर्वांत आधी चांगली चाइल्ड सीट घ्यावी, पुढच्या मालकाला ती द्यायची नाही.

भाव ठरवताना एक हत्यार हातात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्या गाडीचा भाव त्याआधीच्या नव्या किमतीशी तोलून कुणी सांगत असेल, तर त्याला आजची किंमत दाखवावी. कर्ज काढायचे असेल, तर जुन्या गाडीचा व्याजदर नव्यापेक्षा जास्त असतो. शिवाय दोन वर्षांत गाडी विकायची असल्याने मुदतीआधी कर्ज फेडण्याचे शुल्क सही करण्याआधी विचारून घ्यावे.

घेताना आणि विकताना कुठे अडकते?

पहिल्या मालकाची गाडी घ्यावी. म्हणजे विकताना पुढचा माणूस तिसरा मालक होतो. तुम्हीच तिसरे झालात, तर चौथा सापडायला वेळ लागतो. एमएच १२ पासिंग असेल तर पुण्यात विकणे सोपे. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ शिवाय टोकनही देऊ नये.

टायरवर कोरलेले चार आकडे पाहावेत. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या टोकाला मातीचा पिवळट डाग असेल तर गाडी पुराच्या पाण्यातून आलेली असू शकते. सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा पूर आणि जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यालगत शिरलेले पाणी हे दूरचे विषय नाहीत. इंजिनाचे मॅपिंग बदललेली, फटाके वाजवणाऱ्या सायलेन्सरची गाडी तर सोडूनच द्यावी. बेकायदा बदलांसाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड किंवा कैद होऊ शकते, विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते आणि झोपलेले बाळ उठते ते वेगळेच.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली गाडी असेल, तर एचएसआरपी पाटी बसवली आहे का ते पाहावे. पेट्रोलचाही मुद्दा आहे. पंपांवर आता बहुतेक ई२० मिळते, पण १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या त्याला अनुरूप बनवल्या आहेत. त्याआधीच्या गाडीसाठी कंपनीचे पुस्तक काय सांगते, ते घेण्यापूर्वी वाचावे.

व्यवहार झाल्यावर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात आणि इथेच ओळखीपाळखीत ढिलाई होते. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्यायचा. तोवर तिसऱ्या पक्षाचा विमा चालतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो. त्यामुळे विम्याचा हप्ता अंदाजापेक्षा जास्त निघेल. आणि दोन वर्षांनी विकताना ‘नाव बदलून घेतो’ या शब्दावर गाडी सोडू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे की, अपघात झाल्यास भरपाईसाठी आरटीओत ज्याचे नाव आहे तोच मालक.

घ्यायलाच हवी का?

ज्यांची मजा महिन्यातून एका रविवारपुरती आहे, त्यांनी पुण्यातून सेल्फ ड्राइव्ह गाडी भाड्याने आणावी. पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असलेलीच आणावी. मित्राची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन वापरली आणि काही झाले, तर विमा हात वर करतो. भाड्याच्या गाडीत आयसोफिक्स आहे का, हे मात्र बुकिंगच्या आधी विचारावे लागते, आणि उत्तर बहुतेकदा ‘बघून सांगतो’ असे मिळते.

घ्यायचेच ठरले, तर चाचणी पुण्याच्या शोरूमबाहेरच्या रस्त्यावर होत नाही. गाडी पाबे घाटाच्या किंवा आंबाडखिंडीच्या पायथ्याशी आणायला सांगावी. मागे डाव्या बाजूला चाइल्ड सीट बसवावी, त्यात बाळाऐवजी नऊ-दहा किलो तांदूळ पट्ट्याने बांधावा. एकाने चालवावे, दुसऱ्याने त्या सीटच्या शेजारी बसावे. वर पोहोचल्यावर जागा बदलाव्यात आणि उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरावा. खाली आल्यावर दोघांनी बोलायच्या आधी एकमेकांकडे पाहावे. मागे बसलेल्याच्या तोंडावर जे दिसेल, त्यावर भाव करायचा की नाही ते ठरवावे.